बदललेला विंडो मॅनेजर टिकत नाही, जुना फाइल मॅनेजर परत येतो: लिनक्स डेस्कटॉपचे मूळ घटक बदलतानाची तपासणी

लिनक्सवर डेस्कटॉपचा एखादा भाग काढून तिथे आपल्या पसंतीचा बसवता येतो. बसवणं फारसं अवघडही नाही. खरी अडचण दुसऱ्या दिवशी येते. मशीन चालू करून लॉगिन केलं की जुना भाग परत हजर असतो, किंवा नवा आणि जुना दोघेही एकदम चालू असतात, किंवा दोघेही गायब असतात. हा बिघाड मी अनेकांच्या मशीनवर पुन्हा पुन्हा निस्तरला आहे, त्यामुळे काय आधी बघायचं आणि काय नंतर याचा क्रम ठरून गेला आहे. तोच इथे देत आहे. भर एक्सएफसीई या डेस्कटॉपवर आहे, कारण घटक बदलण्याची मोकळीक तिथे भरपूर आणि म्हणून गोंधळही तिथलाच जास्त बघायला मिळतो. माटे, एलएक्सक्यूटी, प्लाझ्मा आणि ग्नोम या इतर डेस्कटॉपचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कमांड, फाइली आणि फोल्डर यांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत टंकायची.

लक्षणं

- नवा विंडो मॅनेजर (खिडक्यांची चौकट आणि मांडणी सांभाळणारा प्रोग्राम) चालू केला, दिवसभर नीट चालला, पण लॉगआउट करून परत आल्यावर जुनाच दिसला.
- खिडक्यांचे टायटल बार गेले. खिडकी सरकत नाही, लहान-मोठी होत नाही, बंद करायचं बटण नाही. कधी कधी कीबोर्डवरून टाइपही होत नाही.
- फोल्डरवर डबल-क्लिक केलं तर नवा फाइल मॅनेजर उघडतो, पण ब्राउझरच्या डाउनलोड यादीतून “फोल्डरमध्ये दाखवा” म्हटलं की जुनाच येतो.
- फोल्डर उघडायला जावं तर कोड लिहायचा एडिटर नाहीतर डिस्कची जागा मोजणारा प्रोग्राम उघडतो.
- नोटिफिकेशन एका लॉगिनला नव्या रूपात, पुढच्या लॉगिनला जुन्या रूपात.
- डेस्कटॉपवरचे आयकॉन दोनदा दिसतात, एक वॉलपेपर क्षणभर दिसून दुसरा येतो.
- स्क्रीन लॉक उघडताना दोनदा पासवर्ड द्यावा लागतो.
- लॉगिननंतरचं पहिलं अ‍ॅप उघडायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो, नंतर सगळं नेहमीच्या वेगाने.
- सॉफ्टवेअर बसवायला गेलं की पासवर्ड विचारणारी खिडकीच येत नाही.

ही सगळी लक्षणं वेगवेगळी वाटली तरी मूळ एकाच ठिकाणी आहे. “डिफॉल्ट” बदलणारा एकच स्विच लिनक्स डेस्कटॉपमध्ये नाही. एखादा घटक चालू होतो तो चारपैकी कुठल्यातरी वाटेने: सेशन मॅनेजरची (लॉगिननंतर डेस्कटॉप उभा करणाऱ्या प्रोग्रामची) यादी, ऑटोस्टार्टचं (लॉगिनला आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांचं) फोल्डर, डी-बसवरचं (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात त्या यंत्रणेवरचं) राखीव नाव, किंवा फाइलच्या प्रकाराशी केलेली जोडणी. बहुतेक जण यातली एक वाट बदलतात, आणि जुना घटक दुसऱ्या वाटेने आत येतो. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीत एकच प्रश्न विचारायचा आहे: हा जुना कोणत्या वाटेने आला?

हात लावण्याआधी दोन गोष्टी

पहिली, जुना घटक अनइन्स्टॉल करू नका. निदान आत्ता तरी नको. कारण शेवटच्या तपासणीत येईल.

दुसरी, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळ्या पडद्यावरचं लॉगिन येतं का ते आत्ताच बघून ठेवा. तिथे आपलं नाव आणि पासवर्ड देऊन आत जाता आलं पाहिजे. परत यायला एफ३च्या जागी एफ७, एफ१ किंवा एफ२, वितरणाप्रमाणे. टायटल बार गेले आणि कीबोर्ड कोणत्याच खिडकीला लागेनासा झाला की हीच वाट उरते. तिथून डिस्प्ले या चलाची किंमत कोलन (दोन टिंबांचं चिन्ह) आणि शून्य अशी देऊन, त्याच ओळीत एक्सएफडब्ल्यूएम४ (एक्सएफसीईचा विंडो मॅनेजर) ही कमांड दोन डॅश आणि रिप्लेस या पर्यायासह दिली, तर बहुतेक वेळा टायटल बार लगेच परत येतात. डिस्प्ले हे नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं. घाबरून मशीनचं बटण दाबून बंद करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, उघड्या फाइली वाचतात.

१. सेशन एक्स११चं आहे की वेलँडचं

फुकटातली आणि क्षणात होणारी तपासणी, पण नेमकी हीच लोक करत नाहीत. टर्मिनलमध्ये इको, मग डॉलरचं चिन्ह लावून मोठ्या अक्षरांत एक्सडीजी_सेशन_टाइप. उत्तर एक्स११ किंवा वेलँड येईल; पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या या दोन वेगळ्या यंत्रणा.

एवढं महत्त्व का? एक्स११मध्ये विंडो मॅनेजर हा इतरांसारखाच एक प्रोग्राम असतो. तो एक्स सर्व्हरकडे खिडक्या मांडण्याचा हक्क मागतो, आणि सर्व्हर तो हक्क एका वेळी एकालाच देतो. चालू असलेल्याला बाजूला व्हायला सांगून दुसरा त्याच्या जागी येऊ शकतो, रिप्लेस हा पर्याय तेच करतो. वेलँडमध्ये डिस्प्ले सर्व्हर, कंपोझिटर (सगळ्या खिडक्या जुळवून पडदा रंगवणारा) आणि विंडो मॅनेजर ही तिन्ही कामं एकाच प्रोसेसकडे असतात. ती बंद केली की तिच्याबरोबर सेशनही संपतं. तिथे “विंडो मॅनेजर बदलणं” म्हणजे लॉगिनच्या पडद्यावर वेगळं सेशन निवडणं.

ग्नोम आणि सिनॅमनमध्ये तर एक्स११वरसुद्धा हा बदल होत नाही. ग्नोम ३ आलं २०११मध्ये, आणि तेव्हापासून मटर हा विंडो मॅनेजर ग्नोम शेलच्या आतच आहे. सिनॅमनमध्ये मफिनचं तसंच. नोटिफिकेशनही शेलच दाखवतं. या दोन डेस्कटॉपवर विंडो मॅनेजर बदलायचा खटाटोप करू नका, त्याऐवजी ग्नोम फ्लॅशबॅक किंवा दुसरा डेस्कटॉप घ्या. फाइल मॅनेजर, टर्मिनल वगैरे मात्र तिथेही बदलता येतात.

एक्सएफसीईची ४.२० आवृत्ती डिसेंबर २०२४मध्ये आली, त्यात वेलँडचा प्रायोगिक आधार आहे. पण त्या आवृत्तीत एक्सएफसीईचा स्वतःचा विंडो मॅनेजर वेलँडवर चालत नाही, त्याच्या जागी लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर असतो. तुम्ही चुकून ते सेशन निवडलेलं असेल तर खालचे विंडो मॅनेजरचे उपाय लागू पडणार नाहीत.

२. आत्ता नक्की कोण चालू आहे

नुसतं बघून ठरवू नका, थीम सारखी असली की दोन विंडो मॅनेजर डोळ्यांना ओळखू येत नाहीत. डब्ल्यूएमसीटीआरएल हा छोटा प्रोग्राम डॅश एम या पर्यायासह चालवला की पहिल्याच ओळीत नाव येतं. तो बसवलेला नसेल तर एक्सएफसीईवर याहून सोपी खूण आहे: सेटिंग्जमधून “विंडो मॅनेजर” उघडा. दुसराच विंडो मॅनेजर चालू असेल तर ही सेटिंग्ज सध्याच्या विंडो मॅनेजरबरोबर चालणार नाहीत, असा संदेश येतो आणि त्यात त्याचं नावही असतं.

नवा मॅनेजर तुम्ही टर्मिनलमधून चालू केला होता का, हेही आठवा. टर्मिनल बंद केलं की त्यातून चालवलेला प्रोग्रामही अनेकदा त्याच्याबरोबर जातो. जुना आधीच निघून गेलेला, नवा टर्मिनलबरोबर गेला, आणि टायटल बार नाहीसे. हे लक्षण घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कारण एवढंच निघतं, दुरुस्त करायला दुसरं काही नसतं.

३. जतन केलेलं सेशन

“लॉगिन केलं की जुनाच परत” या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ घालवा.

एक्सएफसीईच्या सेशन मॅनेजरकडे दोन याद्या असतात. एक कायमची, तिला तो फेलसेफ म्हणतो. विंडो मॅनेजर, सेटिंग्ज सांभाळणारा प्रोग्राम, पॅनेल, थुनार (फाइल मॅनेजर) आणि डेस्कटॉप असे ठरलेले पाच घटक तिच्यात असतात. दुसरी यादी तुमची. लॉगआउटच्या खिडकीत “सेव्ह सेशन फॉर फ्यूचर लॉगिन्स” या चौकटीवर खूण असेल, तर त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामांची नोंद होम फोल्डरमधल्या डॉट-कॅश या फोल्डरात, सेशन्स या नावाखाली होते. पुढच्या लॉगिनला ही दुसरी यादी सापडली तर फेलसेफ यादी वाचलीच जात नाही.

आता गंमत बघा. एखाद्याने महिन्यांपूर्वी कधीतरी त्या चौकटीवर खूण केलेली असते. तेव्हा चालू असलेला एक्सएफडब्ल्यूएम४ त्या यादीत नोंदला गेला. आज तो फेलसेफ यादीत नवा मॅनेजर लिहितो, ओळ अगदी बरोबर लिहितो, आणि तरी जुनाच येतो. बदल योग्यच असतो, पण ती यादी कोणी उघडतच नाही.

करायचं असं. “सेशन अँड स्टार्टअप” उघडा. पहिल्या टॅबमध्ये लॉगआउटच्या वेळी सेशन आपोआप जतन करण्याची खूण काढा. मग जतन केलेली सेशनं काढून टाका. नव्या आवृत्त्यांमध्ये त्यासाठी “सेव्ह्ड सेशन्स” असा वेगळा टॅब असतो. तिथून जमलं नाही तर लॉगआउट करा, एफ३च्या काळ्या पडद्यावर जा आणि सेशन्स फोल्डरचं नाव बदला. हे लॉगआउट झाल्यावरच करायचं, कारण चालू सेशन जाता जाता ते फोल्डर पुन्हा लिहू शकतं. पुसू नका, नाव बदला. परतीची वाट राहते.

त्याच खिडकीत “करंट सेशन” टॅबमध्ये प्रत्येक प्रोग्रामपुढे रीस्टार्ट स्टाइल असते. “इमिजिएटली” असेल तर प्रोग्राम बंद पडताच सेशन मॅनेजर तो पुन्हा उभा करायला बघतो. पॅनेल किंवा डेस्कटॉप मारला की लगेच परत उगवतो तो यामुळेच. जो घटक नको आहे त्याच्यापुढे “नेव्हर” निवडा, मग तो बंद करा.

यानंतर ऑटोस्टार्टच्या टॅबमध्ये नव्या विंडो मॅनेजरची कमांड दोन डॅश आणि रिप्लेस लावून घाला आणि एकदा लॉगआउट-लॉगिन करून बघा. लॉगिनच्या वेळी टायटल बार क्षणभर जुने दिसून नवे होतील, कारण फेलसेफ यादीने आधी जुना उभा केला आणि मग नव्याने त्याची जागा घेतली. एवढा झटका चालत असेल तर विंडो मॅनेजरचं काम इथेच संपलं. नवव्या तपासणीपर्यंत जायची गरज नाही.

४. नवा युजर काढून बघा

सेटिंग्जमधून दुसरं युजर खातं तयार करा आणि त्यात लॉगिन करा. काही न बदलता. दोष तिथे दिसत नसेल तर तो तुमच्या होम फोल्डरातल्या कुठल्यातरी फाइलीत आहे, आणि होम फोल्डरमधलं सगळं उलटवता येतं. दोष तिथेही दिसला तर मूळ संपूर्ण सिस्टीमच्या पातळीवर आहे: पॅकेज, ईटीसी या सिस्टीमच्या सेटिंग्जच्या फोल्डरातली फाइल, किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर. या एका तपासणीने शोधायची जागा अर्धी होते. काम झाल्यावर ते खातं काढून टाका.

५. फाइल मॅनेजर: एक घटक, दोन वाटा

फोल्डर हासुद्धा एक फाइल-प्रकार मानला जातो, त्याचं नाव आयनोड/डिरेक्टरी. टर्मिनलमध्ये एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट आयनोड/डिरेक्टरी असं विचारलं की कोणता प्रोग्राम नेमलेला आहे ते कळतं. तिथे एडिटरचं नाव दिसलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. अनेक एडिटर आणि डिस्क मोजणारे प्रोग्राम आम्हीही फोल्डर उघडू शकतो अशी नोंद बसवतानाच करतात, आणि तुम्ही स्वतः काही निवडलेलं नसेल तर त्यांच्यापैकी कोणाचा तरी नंबर लागतो. उपाय एका ओळीचा: एक्सडीजी-माइम डिफॉल्ट, मग हव्या त्या फाइल मॅनेजरच्या डॉट-डेस्कटॉप फाइलचं नाव, मग आयनोड/डिरेक्टरी. ही निवड होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट या फाइलीत जाते.

तरी फरक पडला नाही, तर त्याच फोल्डरात डेस्कटॉपच्या नावाने सुरू होणारी दुसरी फाइल आहे का बघा. एक्सएफसीई-माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट अशी. ती असेल तर त्या डेस्कटॉपवर तिचा मान आधी. एक्सएफसीईच्या “डिफॉल्ट अ‍ॅप्लिकेशन्स” खिडकीतही फाइल मॅनेजर वेगळा निवडावा लागतो, कारण पॅनेलवरची काही बटणं तिथलं विचारतात.

आता दुसरी वाट, जी बहुतेकांना माहीतच नसते. ब्राउझरमधून “फोल्डरमध्ये दाखवा” म्हटलं की फोल्डर नुसता उघडायचा नसतो, त्यात ती फाइल निवडलेलीही दाखवायची असते. त्यासाठी ब्राउझर फाइल-प्रकाराची जोडणी बघत नाही. तो डी-बसवर ओआरजी.फ्रीडेस्कटॉप.फाइलमॅनेजर१ या नावाला हाक मारतो. नॉटिलस, नेमो, थुनार, डॉल्फिन या फाइल मॅनेजरांपैकी जो कोणी हे नाव घेऊन बसला असेल तो उत्तर देतो. कोणीच बसलेला नसेल तर डी-बस स्वतःच कोणालातरी उठवतो, आणि कोणाला उठवायचं ते यूएसआर/शेअर/डीबस-१/सर्व्हिसेस या फोल्डरातल्या फाइली ठरवतात. मशीनवर दोन फाइल मॅनेजर असले की एकाच नावासाठी दोन फाइली असतात आणि कोणती चालेल याचा भरवसा नसतो.

त्या सिस्टीमच्या फोल्डराला हात लावायची गरज नाही. होममध्ये डॉट-लोकल/शेअर/डीबस-१/सर्व्हिसेस असं फोल्डर करा आणि हव्या त्या फाइल मॅनेजरची सर्व्हिस फाइल तिथे नकलून ठेवा. होममधली फाइल सिस्टीमच्या फाइलीच्या आधी धरली जाते. मग लॉगआउट-लॉगिन. थुनारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: फेलसेफ यादीत तो पार्श्वभूमीत चालणारा म्हणून नेमलेला असतो, त्यामुळे लॉगिन होताच नाव पकडून बसतो. मग नवी सर्व्हिस फाइल असूनही ती वापरली जात नाही. करंट सेशनमध्ये त्याच्यापुढे “नेव्हर” करून तो बंद करा; पण हे त्या सेशनपुरतंच, कायमचं हवं तर फेलसेफ यादीतच (नववी तपासणी) बदल करावा लागतो.

६. नोटिफिकेशन

इथेही तोच डी-बस, नाव ओआरजी.फ्रीडेस्कटॉप.नोटिफिकेशन्स. खुर्ची एकच, आधी येईल तो बसतो. एका लॉगिनला नवा आणि पुढच्या लॉगिनला जुना, असं का होतं त्याचं उत्तर हेच: दोघांपैकी आधी कोण पोचलं.

सध्या कोण बसलेलं आहे ते बससीटीएल ही कमांड दोन डॅश यूजर, मग स्टेटस आणि ते नाव देऊन बघा. प्रोसेसचा नंबर आणि प्रोग्रामचं नाव दोन्ही कळतं. हवा तो प्रोग्राम, समजा डन्स्ट, याची सर्व्हिस फाइल पाचव्या तपासणीसारखीच होममध्ये ठेवा. जुन्याची सिस्टमडीमध्ये (सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेत) यूजर सर्व्हिस असेल तर ती सिस्टमसीटीएल दोन डॅश यूजर मास्क करून थोपवा. एक्सएफसीईचा नोटिफिकेशन दाखवणारा प्रोग्राम नोटिफायडी, त्याची अशी सर्व्हिस असते. पॅनेलवरचा नोटिफिकेशनचा प्लगइन मात्र नोटिफायडीबरोबरच काम करतो. तो प्लगइन तुम्हाला लागतो का, हे बदलण्याआधी ठरवा.

प्लाझ्मावर हे नाव प्लाझ्माशेल स्वतःकडे ठेवतो. तिथे नोटिफिकेशन बदलायच्या मागे लागू नका, खर्च केलेल्या वेळाचं चीज होत नाही.

७. दोघे एकदम चालू

दुहेरी आयकॉन, दुहेरी लॉक, लुकलुकणारा पडदा. यासाठी ऑटोस्टार्टची दोन्ही फोल्डरं बघा: ईटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्ट आणि होममधलं डॉट-कॉन्फिग/ऑटोस्टार्ट. सिस्टीमच्या फोल्डरातली फाइल पुसून उपयोग नाही, पुढच्या अपडेटला ती परत येऊ शकते. त्याच नावाची फाइल होमच्या फोल्डरात ठेवा आणि तिच्यात हिडन बरोबर ट्रू ही ओळ घाला. हे अपडेटनंतरही टिकतं.

डेस्कटॉपचे आयकॉन कोण काढतं हा प्रश्न फाइल मॅनेजर बदलताना हमखास येतो. एक्सएफसीईमध्ये ते काम एक्सएफडेस्कटॉपचं. पण काजा (माटेचा) आणि नेमो (सिनॅमनचा) हे फाइल मॅनेजर आपापल्या डेस्कटॉपवर आयकॉनही काढतात, आणि दुसऱ्या डेस्कटॉपवर नेल्यावर तिथेही तेच करू बघतात. काजा चालू करताना नो-डेस्कटॉप हा पर्याय द्या, नेमोसाठी त्याच्या सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप आयकॉन बंद करा. नॉटिलसने हे काम ३.२८ आवृत्तीत, २०१८ साली, सोडून दिलं, त्यामुळे त्याचा हा त्रास आता नाही.

पडदा लुकलुकत असेल किंवा खिडकी सरकवताना चिरल्यासारखी दिसत असेल तर कंपोझिटर बघा. एक्सएफडब्ल्यूएम४मध्ये कंपोझिटर आतच आहे, ओपनबॉक्समध्ये नाही. म्हणून ओपनबॉक्स घेतला की पारदर्शकता आणि सावल्या जातात, आणि पिकॉमसारखा वेगळा कंपोझिटर लावावा लागतो. उलट, एक्सएफडब्ल्यूएम४ ठेवून पिकॉम लावायचा असेल तर आधी “विंडो मॅनेजर ट्वीक्स”मधून आतला कंपोझिटर बंद करा.

लॉकच्या बाबतीत नियम साधा आहे: लॉक करणारा प्रोग्राम एकच ठेवा. लाइट-लॉकर, एक्सस्क्रीनसेव्हर आणि एक्सएफसीईचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर यांपैकी दोन चालू असले की दोनदा पासवर्ड. एकही चालू नसेल तर मशीन झोपेतून उठल्यावर पडदा उघडाच राहतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बदल केल्यावर मशीन खरोखर झोपवून आणि उठवून बघा, नुसत्या लॉकच्या बटणावर भरवसा ठेवू नका.

८. पहिलं अ‍ॅप उशिरा उघडणं, पासवर्डची खिडकी न येणं

डी-बसवर एखाद्याला हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर नेहमीची थांबण्याची मुदत २५ सेकंद असते. अ‍ॅप उघडायला साधारण तेवढाच वेळ लागत असेल तर मशीन संथ झालेलं नाही, ते कोणाच्यातरी उत्तराची वाट बघत आहे. हा कोणीतरी बहुतेक वेळा एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल असतो. फाइल निवडायची खिडकी, स्क्रीन शेअर करणं ही कामं त्याची, आणि ती तो पडद्यामागच्या दुसऱ्या प्रोग्रामाकडून करून घेतो. डेस्कटॉप बदलला, पण जुन्या डेस्कटॉपचा पोर्टल-साथीदार तसाच राहिला, की तो नव्या ठिकाणी उभाच राहत नाही. २०२३मध्ये आलेल्या १.१८ आवृत्तीपासून कोणता साथीदार वापरायचा हे पोर्टल्स डॉट कॉन्फ या फाइलीत लिहिता येतं. साध्या एक्स११ सेशनला जीटीके साथीदार पुरतो.

पासवर्डची खिडकी पोलकिट एजंट दाखवतो. प्रत्येक डेस्कटॉपचा आपला एजंट असतो, आणि त्याच्या ऑटोस्टार्ट फाइलीत अनेकदा फक्त अमुक डेस्कटॉपवरच चालू हो अशी अट असते. तुम्ही सुटा विंडो मॅनेजर सेशन म्हणून निवडलात की ती अट पुरी होत नाही आणि एजंट येत नाही. त्याची कमांड स्वतः ऑटोस्टार्टमध्ये घातली की काम होतं.

९. सेशनच्या मूळ यादीत बदल

इथपर्यंत काम झालं नसेल, किंवा लॉगिनचा तो झटका नको असेल, तरच हे करा.

एक्सएफसीईत सेटिंग्ज एडिटर उघडा, डावीकडे एक्सएफसीई४-सेशन निवडा, सेशन्स आणि फेलसेफच्या खाली क्लायंट०_कमांड सापडेल. तिथे एक्सएफडब्ल्यूएम४च्या जागी नव्याचं नाव. एक्सएमएल फाइल हाताने उघडून लिहू नका: एक्सएफकॉन्फ सगळी सेटिंग्ज मेमरीत धरून असतो आणि तुमच्या ओळीवर आपली जुनी ओळ परत लिहितो.

माटेमध्ये जीसेटिंग्जच्या ओआरजी.माटे.सेशन.रिक्वायर्ड-कंपोनंट्स या शाखेत विंडोमॅनेजर, फाइलमॅनेजर आणि पॅनेल या किल्ल्या (सेटिंग्जची नावं) आहेत. किंमत म्हणून डॉट-डेस्कटॉप फाइलचं नाव द्यायचं, शेवटचं डॉट-डेस्कटॉप वगळून. ती फाइलच नसेल तर घटक येत नाही आणि तुम्ही टायटल बारशिवाय बसता. एलएक्सक्यूटीत सेशन सेटिंग्जमध्ये सरळ यादीतून निवडता येतं. प्लाझ्मावर हे फक्त एक्स११ सेशनमध्ये शक्य आहे. केडीईडब्ल्यूएम हे चल ठरवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी लिहिलेली दिसते, पण ५.२५पासून प्लाझ्मा सिस्टमडीमार्फत सुरू होतो आणि ते चल बघत नाही. क्विन या प्लाझ्माच्या विंडो मॅनेजरची यूजर सर्व्हिस मास्क करून नव्याची सर्व्हिस लिहावी लागते.

१०. पॅकेज काढणं

सर्वांत शेवटी, आणि माझं मत विचाराल तर करूच नका. जुना फाइल मॅनेजर डिस्कवर पडून राहिला तर काही बिघडत नाही. काढला तर बिघडू शकतं. एक्सएफसीई४ किंवा उबुंटू-डेस्कटॉप ही मेटापॅकेजेस असतात. त्यांच्यात स्वतःचं फारसं काही नसतं, नुसती इतर पॅकेजेसची यादी असते. त्या यादीतलं एक सक्तीचं पॅकेज काढलं की मेटापॅकेजही निघतं, आणि मग बाकीची पॅकेजेस कोणालाच नको असलेली ठरू शकतात. पुढे कधीतरी जागा मोकळी करायला ऑटोरिमूव्ह चालवलं की पॅनेलपासून लॉगिनच्या पडद्यापर्यंत सगळं जाऊ शकतं. काढायचंच असेल तर एपीटी (डेबियन-उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) आधी डॅश एस लावून चालवा. त्याने प्रत्यक्षात काही निघत नाही, फक्त काय निघेल ती यादी दिसते. ती ओळ न ओळ वाचा. तुम्ही मागितलं त्याहून एकही पॅकेज जास्त दिसलं तर थांबा.

कुठे थांबून जाणकाराला बोलवायचं

लॉगिनचा पडदाच येत नाही, किंवा पासवर्ड दिल्यावर पडदा काळा होऊन परत लॉगिनलाच येतो, आणि नव्या युजरवरही तसंच होतं, तर हा आता डेस्कटॉपच्या घटकांचा प्रश्न राहिलेला नाही. डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर बघावा लागेल. अंदाजाने पॅकेजेस काढत-घालत बसू नका.

एफ३चा काळा पडदाही येत नसेल तर लगेच थांबा. पॅकेज मॅनेजर अर्धवट बसलेल्या पॅकेजेसची तक्रार करत असेल, तरीही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि तिची किल्ली तुमच्याजवळ लिहून ठेवलेली नसेल, तर लाइव्ह यूएसबीवरून दुरुस्तीचा प्रयत्न स्वतः करू नका. मशीन संस्थेचं असेल आणि ईटीसीमधल्या फाइली दुसरं कोणी सांभाळत असेल, तर तिथल्या सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारल्याशिवाय लॉक स्क्रीन आणि पोलकिटला हात लावू नका. ते सुरक्षेचे घटक आहेत आणि त्यांची जबाबदारी त्यांच्याकडे असते.

बोलावण्याआधी, आत जाता येत असेल तर, महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग तीन गोष्टी जवळ ठेवा: होममधली डॉट-एक्ससेशन-एरर्स ही फाइल, जर्नलसीटीएल दोन डॅश यूजर डॅश बी या कमांडचा निकाल, आणि एपीटीने काय बसवलं-काढलं त्याची नोंद, जी व्हीएआर/लॉग/एपीटी या फोल्डरात हिस्टरी नावाच्या फाइलीत असते. काय बदललं हे आठवून सांगण्यापेक्षा ही नोंद दाखवली की येणारा माणूस थेट कामाला लागतो.